चँडलरमध्ये कावळे नसतात

अनिश, रिया,

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी बॉटनी शिकवली आहे. पितृपक्षातलं पान ठेवते, ते तुमच्या आजोबांना बरं वाटतं म्हणून.

२००३ चा सप्टेंबर. आम्ही पुणं सोडून इथे अमेरिकेत, चँडलरला राहत होतो. तुम्ही तिकडे प्लेनोला होता, लहान होता, म्हणून तुम्हाला ‘आजोबा सिक आहेत’ एवढंच सांगितलं होतं. झालं असं... थोडा ताप आला, आणि एका सकाळी आजोबांचा डावा पाय उचलेचना. चिमटा काढला तर दुखत होतं, पण पाय हलत नव्हता. संध्याकाळपर्यंत उजव्यातलीही ताकद गेली.

हॉस्पिटलमध्ये आधी स्ट्रोक म्हणाले. मग पाठीच्या कण्यातलं पाणी काढून व्हायरसच्या टेस्ट केल्या. निगेटिव्ह. मग म्हणाले, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय, सोमवारपासून रक्तातला प्लाझ्मा बदलू. मला ते काही पटेना. दर वेळी नवं कारण, आणि सांगण्याचा ठामपणा मात्र तोच!

शेजारच्या गल्लीतले साठे, रिटायर्ड न्यूरॉलॉजिस्ट, त्यांनाही पटत नव्हतं.

“वहिनी, यांचं हार्ट बघता हे रिस्की आहे. आणि पाय सुन्न नाहीत, हे मला खटकतंय. व्हायरसच असणार.”

“मग टेस्टमध्ये का नाही दिसला?”

“ती पीसीआर टेस्ट म्हणजे झेरॉक्स मशीन समजा. व्हायरस कणभर असला तरी लाखो कॉपी काढून दाखवतं. पण कोणाची कॉपी काढायची, ते आधी सांगावं लागतं. नाव चुकलं की समोर असूनही दिसत नाही.”

रविवारी आजोबांच्या आईची तिथी होती. पलंगावरून त्यांनी बजावलं, “पान ठेव हं. नाहीतर आई मला वरून ओरडेल.”

बॅकयार्डच्या भिंतीवर पान ठेवलं. चँडलरमध्ये कावळे नसतात. ग्रॅकल नावाचे काळे चकचकीत पक्षी असतात, दरवर्षी आम्ही त्यांनाच कावळा मानून घ्यायचो. त्या दिवशी एकही ग्रॅकल फिरकला नाही. आला तो कावळा — राखाडी मानेचा, आपल्याकडचा.

तुमचा बाबा आलेला होता. म्हणाला, “आई, रेवन असेल, इथला डोमकावळा.”

“पुण्यात वाढलास ना रे? कावळा ओळखता येत नाही?”

कावळ्याने वडा खाल्ला, दोन पावलं तिरका चालला आणि भिंतीच्या आमच्या बाजूला पडला. मेला.

मी साठ्यांना फोन केला तो खरं तर तक्रारीच्या सुरात. त्यांनी मला मध्येच तोडलं.

“हात लावू नका. काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवा. वेस्ट नाईल व्हायरस, वहिनी. डासांतून येतो, कावळे पटापट मरतात. इथे केसेस नाहीत म्हणून कोणी ते नाव घेतलंच नसणार.”

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावून प्लाझ्मा थांबवायला लावला. कण्यातलं उरलेलं पाणी पुन्हा तपासलं, या वेळी त्या नावाने. पॉझिटिव्ह. त्यावर औषध नाही, पण चुकीचे उपचार टळले. आजोबा काठी घेऊन का होईना, चालायला लागले.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण काउंटीचा माणूस आला आणि कावळा पिशवीत भरताना त्याने मला विचारलं, “हा तुम्ही कुठून आणलात?” हा पक्षी या देशात नसतो म्हणे. त्याला वाटलं, मी पाळलेला लपवतेय. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला: पक्ष्यात वेस्ट नाईल नव्हता. पुन्हा तपासायला लावला. नव्हताच.

साठे म्हणतात, “पेशंट सापडला ना? पक्ष्याचं सोडा.”

मी सोडू शकलेले नाही. तो विषाने मेला म्हणावं, तर त्याच कढईतले वडे आम्हीही खाल्ले होते. उपासमारीने म्हणावं, तर चांगला गुटगुटीत होता. आणि आला कुठून? तुम्हाला उत्तर सापडलं तर जरूर कळवा... फक्त ‘आजी, कोइन्सिडन्स’ एवढंच लिहून पाठवू नका. ते मी स्वतःला बरेचदा सांगून पाहिलंय.