सुरुंगाचं यंत्र आणि कुसुमच्या पाटल्या

मी भित्रा माणूस आहे, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कुणाचा आवाज चांगला असतो, कुणाचं अक्षर चांगलं असतं, तशी माझी भीती चांगली आहे. पालीला भितो, साहेबाला भितो, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भितो. (बायकोला भितो हे वेगळं सांगत नाही. ती हे वाचणार आहे.)

तर दुसरी मोठी लढाई संपून आठ-दहा वर्षं झाली होती. पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि त्याच्या कोठारात मी कारकून म्हणून लागलो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. चिंचवड गावात म्हाळसाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. म्हाळसाबाई एकट्या होत्या. रावेतला थोडी जमीन, दारात एक म्हैस आणि मागे मोठं थोरलं परसू. वैशाखात कुसुम बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना तिने पितळी पानाचा डबा माझ्या हातात दिला. आत तिच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. लग्नात माझ्या आईने स्वतःच्या हातातून काढून घातलेल्या!

"जपाल ना?"

"म्हणजे काय! जिवापाड!"

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात कुणीतरी म्हणालं, की चिखलीत घरफोडी झाली. झालं! ती रात्र मी डबा उशाशी घेऊन, दाराला ट्रंक लावून, ट्रंकेवर पाटा ठेवून बसून काढली. सकाळी ठरवलं, की डबा पुरायचा. लोक असली कामं अंधारात करतात. मला अंधाराची भीती वाटते, म्हणून मी रविवारी भर दुपारी पुरला. म्हाळसाबाई रावेतला गेल्या होत्या. साक्षीला फक्त म्हैस!

आता खूण हवी. परसात गोवऱ्यांची हुडवी होती. गोवऱ्या रचून, वरून शेणाने लिंपून, पावसापासून झाकलेला चांगला पुरुषभर उंचीचा ढीग. एवढी भक्कम वस्तू परसात दुसरी नव्हती. मी हुडवीच्या पायथ्याशी, अगदी खेटून, हातभर खोल खड्डा केला. डबा ठेवला. माती लोटली. वर नाचलो. (माती दाबायला. आनंद वगैरे काही नव्हता.)

हुडवी पावसाळ्यात जाळायला रचलेली असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. ती देवळासारखी कायमची आहे असं धरून मी चाललो होतो. पावसाळाभर म्हाळसाबाई रोज दहा-बारा गोवऱ्या काढून चूल पेटवायच्या, आणि त्याच चुलीवरचा त्यांनी दिलेला चहा मी फुरके मारत प्यायचो!

मार्गशीर्षात कुसुम चार महिन्यांच्या मुलीला घेऊन परत आली. पंधरा दिवसांनी, सोमवारी, तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अहो, रविवारी दादाचं लग्न. शनिवारी निघायचं. पाटल्या काढून ठेवा हं."

मी परसात गेलो. हुडवी नव्हती! हुडवी कुठे होती तेही दिसत नव्हतं. सगळं परसू सपाट करून, शेणाने सारवून, त्यावर म्हाळसाबाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नव्या गोवऱ्या थापल्या होत्या. म्हाळसाबाईंना जागा विचारावी, तर गोष्ट संध्याकाळपर्यंत कुसुमच्या कानावर जाणार. लग्नाला आई येणार होती. आणि आई कुणाकडेही बघण्याआधी सुनेचे हात बघते!

मंगळवारी मी कुदळ घेतली.

"काय रं दादा, काय करतूस?" म्हाळसाबाई.

"केळी लावतोय."

"मार्गशीर्षात?"

"आमच्याकडे लावतात."

"बरं बाबा, लाव. पर मग पाचसात तरी लाव."

बुधवारी आणखी दोन खड्डे झाले. निघाला तो काळा मुरूम आणि काळे गोटे. कुसुम रोज विचारायची, "काढल्यात का हो पाटल्या?" आणि मी रोज नवं कारण सांगायचो. बुधवारी सांगितलं, की त्या साहेबाच्या तिजोरीत ठेवल्यात. गुरुवारी सांगितलं, की साहेब मुंबईला गेलेत. ती "असं होय" म्हणायची आणि मुलीला थोपटायची. तिचं ते शांतपणे "असं होय" म्हणणं ऐकून मला घाम फुटायचा.

शेवटी मी पुण्याला नानाकाकांकडे धावलो. नानाकाका माझे सख्खे चुलते. लढाईत आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेले. जुन्या बाजारातून लष्कराने मोडीत काढलेल्या वस्तू आणून त्या दुरुस्त करायचा त्यांना नाद होता. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बाळू, तुझ्या नशिबाने गेल्याच महिन्यात मी सुरुंग शोधायचं यंत्र घेतलंय."

शुक्रवारी मी रजा टाकली. दहाच्या सुमाराला काका लाकडी पेटी घेऊन टांग्यातून उतरले. यंत्र म्हणजे एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला भाकरीच्या तव्याएवढी चकती, पाठीवर बॅटऱ्यांची पिशवी आणि कानांवर दाबून बसवायचे दोन डबे. जमिनीत धातू असला की कानात आवाज होतो. काकांनी डबे चढवले, कुसुमला दारातूनच सांगितलं, "सूनबाई, केळीसाठी जमीन तपासतोय!" आणि चकती खाली टेकवली.

"काका, येतोय का आवाज?"

"येतोय? अरे, गातंय ते!"

मी कुदळ मारली. हातभर खणलं. मुरूम! काका दोन पावलं सरकले. तिथेही गायलं. मी खणलं. गोटे! तिसरीकडे गायलं, चौथीकडे गायलं, पाचवीकडे तर काकांनी डबे कानापासून दूर धरले. मी घामाघूम होऊन नुसता खणत होतो. मग काकांनी चकती पायवाटेवर फिरवली, तुळशीपाशी फिरवली, गोठ्यापाशी फिरवली. आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"बाळू," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हालू नकोस."

"का?"

"पाटल्या दोन. इथे तर पावलापावलावर धातू आहे. देहूरोडचं दारूगोळ्याचं कोठार इथून किती लांब?"

"दोन-अडीच कोस असेल."

"मग बरोबर."

"काय बरोबर?"

"लढाईच्या वेळी पेरून ठेवलेत. सुरुंग!"

वाचकहो, मी त्या परसात कुदळीने आठ खड्डे खणले होते! दाणदाण! शिवाय वैशाखात डबा पुरून वर नाचलो होतो! ते सगळं मला एकदम आठवलं. एक पाय कुदळीवर होता, दुसरा खड्ड्याच्या काठावर. तो खाली ठेवावा की वरच ठेवावा?

"काका, मी पाय कुठे ठेवू?"

"आहे तिथेच ठेव."

"पायाला मुंग्या आल्यात!"

"मुंग्यांनी माणूस मरत नाही."

"तुम्ही आफ्रिकेत काय करायचात अशा वेळी?"

"तिथे आमच्या पुढे दुसरी माणसं असायची," काका म्हणाले. त्यांच्या मिशीवरून घाम टपकत होता, पण तो पुसायला हात हलवायची त्यांची छाती होत नव्हती.

मी दारात उभ्या असलेल्या कुसुमला ओरडून सांगितलं, "मुलीला घेऊन आत जा! दार लाव! खाली सुरुंग आहेत!" ती पांढरीफटक पडली, आत पळाली, मुलीला पाळण्यात टाकून पुन्हा दारात आली.

इतक्यात म्हाळसाबाई म्हैस घेऊन पवना नदीवरून परत आल्या. फाटक उघडलं. आम्ही दोघं एका सुरात किंचाळलो, "थांबा!"

म्हाळसाबाई थांबल्या. म्हैस थांबली नाही. ती शांतपणे परसात शिरली. काकांनी डोळे मिटले. मीही मिटले. एक, दोन, तीन, चार. तिचा एकेक पाय पडत होता आणि मी एकेक देव आठवत होतो. मग थप्प असा आवाज झाला. संपलं, असं मला वाटलं. डोळे उघडले तर म्हशीने बरोब्बर मधोमध, यंत्र सगळ्यात मोठ्याने गायलं होतं तिथेच, पो टाकला होता आणि ती गोठ्याकडे चालली होती.

त्या क्षणी मला माझा शेवट स्पष्ट दिसला. म्हैस वाचली, पण मी वाचणार नाही, कारण माझं नशीब म्हशीएवढं कधीच नव्हतं. मरताना खोटेपणा बरोबर नको म्हणून मी होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"कुसुम! मी तुला फसवलं! पाटल्या साहेबाकडे नाहीत! मी इथे पुरल्या आणि जागा विसरलो! साहेब मुंबईला गेलाच नाही! आईला सांगू नकोस! मुलीला शिकव! आणि मला केळी लावायची नव्हती!"

कुसुमने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. रडणाऱ्या बायकोकडे बघून मलाही रडू आलं. मी रडलो, हे इथे लिहून ठेवतो.

"म्हंजी केळी लावणार न्हाईस व्हय?" म्हाळसाबाईंनी विचारलं आणि त्या सरळ आत चालत आल्या.

"बाई, खाली सुरुंग आहेत!" काका ओरडले.

"कुटं हायती?"

"सगळीकडे! यंत्र बोंबलतंय!"

"बघू त्ये कानाचं." त्यांनी काकांच्या कानावरचे डबे काढून पदरावरूनच आपल्या कानांवर चढवले आणि चकती जमिनीला लावली. "अगं बया! बोंबलतंय की!" मग चकती वर आभाळाकडे केली. "आता गप हाय." मग माझ्या खड्ड्यातला एक काळा गोटा उचलून त्यांनी चकतीवर ठेवला आणि एकदम दचकून कानावरचे डबे उपटले.

"ह्यो धोंडा बोंबलतोय! ह्येच्यात बी सुरुंग हाय व्हय?"

त्यांनी तो गोटा काकांच्या हातात ठेवला.

"आरं दादा, वढ्याच्या वाळूत चुंबक फिरवला की काळी मिशी येती त्याला. पोरं खेळत्यात तसं. ह्या समद्या भुईतच लोखंड हाय. हितनं पार रावेतापातूर ह्येच धोंडं. तुमचं यंत्र भुईलाच भुललंया."

मी हळूच पाय खाली ठेवला. काही झालं नाही. काकांनी घाम पुसला आणि घसा खाकरला. "आफ्रिकेत वाळू होती," ते म्हणाले. "साध्या वाळूत चालतं ते." (काका आफ्रिकेत भटारखान्यात होते, हे मला पुढे काकूने सांगितलं. सुरुंगवाल्यांना भात वाढताना यंत्र जवळून बघितलेलं, तेवढंच.) यंत्र पेटीत भरून, चहासुद्धा न घेता, ते निघून गेले.

आता सुरुंगाची भीती गेली आणि त्या जागी जुनी भीती परत आली. उद्या निघायचं होतं आणि पाटल्या नव्हत्या! मी खाली मान घालून घरात गेलो. कुसुम अजून पदर तोंडाला लावून बसली होती. जवळ जाऊन बघतो तर बाई हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! मग ती उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पितळी पानाचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

मी झाकण उघडलं, तर आत पाटल्या!

"दसऱ्याला हुडवीचा शेवटचा थर काढल्यावर खाली भुसभुशीत माती दिसली म्हणून म्हाळसाबाईंनी उकरली, तेव्हा सापडला. मी आले त्याच दिवशी दिला त्यांनी."

म्हाळसाबाई उंबऱ्यातच होत्या. "मला दोन महिने बोलला नाहीत?" मी विचारलं.

"तुला कशाला बोलू? बाईचं सोनं गड्यानं पुरलं म्हंजी बायकूपासनं लपवलं, आसं वाटलं मला. म्हणलं, जिचं हाय तिच्या हातात दिऊ."

"आणि तू? पाच दिवस रोज विचारत होतीस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते," कुसुम म्हणाली. मग हसू थांबलं तिचं. "पाटल्या गेल्या असत्या तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. पण तुम्ही मला एवढं भिता, हे मला बरं नाही वाटलं."

रविवारी साताऱ्याला लग्न झालं. आईने आधी सुनेचे हात बघितले आणि मग माझ्याकडे बघून, माझा मुलगा किती जपतो, असं चारचौघींत सांगितलं. कुसुमने मान डोलावली. परत आल्यावर म्हाळसाबाईंनी आठही खड्ड्यांत माझ्याकडून केळी लावून घेतल्या.

पाटल्या मात्र मला पुन्हा दिसल्या त्या फक्त लग्नकार्यात. एरवी कुठे असतात, असं एकदा मी धीर करून विचारलं होतं. कुसुम म्हणाली, "लष्कराच्या यंत्रालासुद्धा ज्या मातीत काही सापडलं नाही, त्या मातीत चोराला काय सापडणार?" आणि ती भाजी चिरायला लागली.

पुढे चिंचवडातच आम्ही लहानसं घर बांधलं. एका सकाळी पेरूचं रोप लावावं म्हणून मी मागे कुदळ उगारली, तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "अहो, तिथे नको!"

मी कुदळ खाली ठेवली. रोप चार हात पलीकडे, कुंपणाला चिकटून लावलं. मधली ती जागा तेव्हापासून रिकामीच आहे. तिथे खाली काय आहे, हे मी विचारलेलं नाही. पण आजही तिथून जायची वेळ आली, तर मी वळसा घालून जातो.