कूस बदलण्याची भीती

आठवा महिना लागला आणि माझी झोप गेली. गेली म्हणजे मीच तिला हाकललं, हे आज कबूल करते. आमच्या आरमोरीकडच्या गावांत पोटुशी बाईला एक गोष्ट सगळ्या जणी बजावतात: पडल्या पडल्या कूस बदलायची नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगावर व्हायचं, नाहीतर नाळ लेकराच्या गळ्याला गुंडाळते. दुसरी एखादी हे ऐकून सोडून देती. मला ते जमलं नाही, कारण माझं पहिलं बाळ तसंच गेलं होतं. पूर्ण दिवसांचा मुलगा, गळ्याला नाळेचे वेढे. झोपेत लोळली असेल, अशी बायकांत कुजबुज झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मी काय बहिरी होते? आणि खरंच, तेव्हा भाताच्या रोवणीच्या कामानं थकून मी मेल्यासारखी झोपायचे.

म्हणून या खेपेला ठरवलं, झोपायचंच नाही. कंबर भरून आली की हात टेकत उठायचं, मार्कंड्याच्या महादेवाचं नाव घ्यायचं, मग दुसऱ्या कुशीवर व्हायचं. चुकून डोळा लागला की दचकून पोटावर हात. त्यात छातीत जळजळ, पोटऱ्यांत गोळे, घडीघडी लघवीला उठणं होतंच. नवरा तळ्यावर मासे धरतो. तो बिचारा माझ्यासोबत उठून पाय चोळून द्यायचा आणि सकाळी जाळं खांद्यावर टाकून पेंगत जायचा. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं, की कूस बदलल्यानं नाळ गुंडाळत नसते, पोटाखाली उशी घे आणि डाव्या कुशीवर निवांत झोप. मी मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच खरं केलं. देवावर भरवसा आहे म्हणायचे आणि पहारा मात्र स्वतः द्यायचे, अशी मी हट्टी.

महिनाभरात चुलीवर भात करपायचा आणि मला वास यायचा नाही. एका दुपारी अंगणात भोवळ आली. सासूबाईंनी धरलं म्हणून वाचले, नाहीतर पोटावरच पडले असते. नवरा घाबरला. म्हणाला, चल, मार्कंड्याला जाऊन येऊ. आपल्या लहानग्या भक्ताच्या गळ्यातला यमाचा फास ज्यानं सोडवला, त्या देवाकडे नाही तर कुणाकडे जाणार? ओळखीच्या गाडीनं निघालो. जत्रेचे दिवस नव्हते, देवळात चार माणसं होती. मी हात जोडून काय मागितलं असेल? देवा, मला जागं राहायची ताकद दे. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

नवरा चहा बघायला गेला आणि मी मंडपात खांबाला टेकून बसले. दगड गार होता. मी पेंगत होते, दचकत होते, पुन्हा पेंगत होते. बाहेर बेलफुलं विकणारी एक म्हातारी ते पाहत होती. ती टोपली घेऊन जवळ आली, काय झालं म्हणून विचारलं, आणि जे मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते ते तिला सगळं सांगून टाकलं. पहिल्या मुलाचं, माझ्या झोपेचं, सगळं. ती बेलाची पानं निवडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, रातभर तूच पहारा करशील, त देव कायले बसवला हाय इथी?"

तिनं आपलं पोतं अंथरलं, जुन्या लुगड्याची घडी माझ्या पोटाखाली सरकवली आणि म्हणाली, "झोप आता. मी बसून आहो."

जाग आली तेव्हा मंडपातलं ऊन पार सरकलं होतं आणि मी दुसऱ्या कुशीवर होते. न उठता, न बसता, झोपेतच वळले होते. पोटावर हात ठेवला तर काहीच हालचाल नाही. देवाचं नावही आठवेना. मग आतून अशी सणसणीत लाथ बसली की मी ओरडलेच. म्हातारी हसली. मी दोनदा पलटी मारली होती म्हणे, तिनं दोन्ही वेळा घडी नीट लावून दिली. नवरा थंड झालेला चहा घेऊन बाजूला बसला होता, त्यानं उठवलं नव्हतं. कथेतल्यासारखी ती म्हातारी गायब वगैरे झाली नाही. आजही तिथंच बसते आणि कुणी बेलाचा भाव पाडला तर भांडते.

त्यानंतर मी झोपू लागले. जळजळ होती, उठणं होतं, पण पडल्या पडल्या कूस बदलायचे आणि नाव अर्धं घेईपर्यंत डोळा लागायचा.

मुलगी झाली. तिला पुसता पुसता सिस्टर म्हणाली, गळ्याला नाळेचा एक वेढा होता, बोटानं काढला, पोरगी ठणठणीत आहे. मी झोपले म्हणून झालं का, असं विचारलं. ती म्हणाली, "जागणाऱ्या बायांचीबी लेकरं अशी येतात. यात आईचा काय दोष?"

ती बोलली लेकीबद्दल, मी ऐकलं लेकाबद्दल. तीन वर्षं मी त्याच्यासाठी गुन्हेगारासारखी झुरले होते, आईसारखी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी लेकीला छातीशी धरून त्याच्यासाठी पोटभर रडले. देवा, राखणं तुझ्या हाती आहे. तू मला नुसती आई राहू दिलंस, हे तुझे उपकार.