कमळचा तिसरा अंक

साल एकोणीसशे शहाण्णव. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा. त्या वर्षी जत्रेच्या नाटकात मी काय केलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. तुम्हाला सांगतोय — मधे थांबवू नका. एकदा थांबलो तर परत माझ्याच्यानं होणार नाही.

मी चौथी पास. पण उरणकडच्या आमच्या गावात नाट्यमंडळाचा अध्यक्ष तीस वर्षं मीच. पडदा कोणता लावायचा इथपासून राजाचं काम कुणी करायचं इथपर्यंत, माझा शब्द शेवटचा. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षीचं नाटक शाळेतल्या मास्तरांनी लिहिलं होतं. जमिनी गेलेल्या गावाची गोष्ट. पहिला अंक त्यांनी मला वाचून दाखवला. सरकारला अशा शिव्या घातल्या होत्या की मी खूश! पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, बसवा.

आणि मग — नाही, आधी नयनाचं सांगतो.

नयना माझ्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती सहा वर्षांची. ती आणि तिची आई माझ्याच घरात राहिल्या. पोर वाशीला कॉलेजात जायची. अक्षर छापल्यासारखं, म्हणून नाटकाच्या नकला तीच करायची — नकला म्हणजे ज्याची त्याची वाक्यं वेगळ्या वहीत उतरवून द्यायची. आमच्यात पोरी स्टेजवर चढत नाहीत. बायकांच्या कामाला पनवेलहून शैलाबाई यायच्या, दोन तालमी करून थेट उभ्या राहायच्या. त्यांना काम समजावून द्यायचं, तेही नयनाकडेच.

एका दुपारी मी ओटीवर बसलो होतो. आत नयना आणि शैलाबाई, नाटकातल्या बहिणीचं, कमळचं काम चाललं होतं.

"ताई, पहिल्या अंकात कमळ कुनाच्या डोळ्यांत बघतच नाय," नयना सांगत होती. "भावाला वाढते, हात धुवायला पानी देते. स्वतः जेवली का, कोन विचारत नाय. तिलापन ते चुकीचं वाटत नाय."

"गरीब गाय. कळलं."

"पन दुसऱ्या अंकात भाऊ कागद आनतो ना, तिथं तुमी रडू नका."

"अगं, मी फेमस आहे रडण्यासाठी!"

"रडू नका. ती घाबरलेली नाय, ती वाचतेय. जन्मात पहिल्यांदा घरातला कागद स्वतः वाचतेय. तिथंच ती बदलते. मग तिसऱ्या अंकात ओरडायचं नाय. कागदाची घडी घालून भावाच्या हातात द्यायची आनि साधं बोलायचं — दादा, तू माझाच हायस, पन जमीन बापाची हाय. मी सही नाय देनार."

"ओरडायचं नाही? मग टाळ्या कशा पडणार?"

"नाय पडल्या तर बरं. बसूदे सगळ्यांना गप्प."

मी ओटीवरून उठलो आणि माझ्या पेटीचं कुलूप ओढून बघितलं.

का? तर तसाच कागद माझ्या पेटीत होता. सरकारनं घेतलेल्या आमच्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळणार होता, त्यात भावाचा अर्धा हिस्सा. वहिनीनं हक्कसोडीवर अंगठा दिला होता. नयनाला अठरा वर्षं पूर्ण व्हायची मी वाट बघत होतो — आणि ती नुकतीच झाली होती. गावात सगळ्या पोरी सही देत होत्या. नाही दिली तर माहेर तुटतं. हे कुणी कुणाला सांगत नाही. सांगावं लागतं का?

त्या कमळला ही पोर इतकी आतून ओळखत होती, ती माझ्या कागदावर सही करेल?

मी मास्तरांकडे गेलो. म्हणालो, शेवट बदला, कमळ हसत सही देते असं करा. मास्तर म्हणाले, "काका, मग नाटकात राहिलं काय?" मास्तर माझ्याच चाळीत भाड्यानं. मी एवढंच बोललो, "पुढच्या महिन्यात खोली मला लागंल असं वाटतंय." त्यांना दोन लहान मुलं होती. त्यांनी त्याच रात्री शेवट बदलून दिला.

पण हेही नाही. जे सांगायचं ते अजून पुढंच आहे.

मी नयनाला बोलावून सांगितलं, "बाय, पंच बसले होते. गावाला शेवट पसंत नाय. गाव म्हनतो, पोरीनं भावाला सही द्यावी, त्यात तिची शोभा."

कुठले पंच? कुणी बसलं नव्हतं. कुणाला काही माहीतही नव्हतं.

तिनं विचारलं, "सगळ्या गावाला असंच वाटतं, काका?"

"सगळ्या."

आणि तो नवा शेवट मी तिलाच उतरवायला लावला. तिसऱ्या अंकाची पानं काढून तिच्याच अक्षरात. शैलाबाईंना समजावायलाही तिलाच बसवलं. ती वाक्यं सांगत होती, बाईंनी विचारलं, "आता ही का सही देते गं?" नयना म्हणाली, "माहीत नाय. लिहिलंय तसं करा."

नाटक झालं. शैलाबाई मनासारख्या रडल्या, भावाच्या पाया पडल्या, सही दिली. टाळ्या थांबेनात. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. नयना त्यांच्यातच बसली होती, हात मांडीवर ठेवून. चारी बाजूंना बघत होती, एकेका तोंडाकडे. मी सांगितलेलं तिला तिथं खरं दिसत होतं.

त्या प्लॉटवर आता चार मजले उभे आहेत. दुसऱ्या मजल्यावर बसूनच हे सांगतोय. नयना लग्न होऊन गेली. सणाला येते, माझ्या पाया पडते. माझ्याशी ती कधी वाकडं बोलली नाही.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि नयनाला घेऊन नोंदणीच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी कागद वाचला, तिच्याकडे बघून विचारलं, "बाळ, राजीखुशीनं देतेस ना? कुणाची जबरदस्ती नाही?" नयनानं तोंड उघडलं. काय बोलणार होती, मला माहीत नाही. मी मधेच म्हणालो, "राजीखुशीनं, साहेब. आमच्या घरची पोर हाय." मग पेन तिच्या हातात दिलं, आणि सही जिथं करायची तिथं बोट ठेवलं.