कोडीबैलचा दुसरा योगीराज

दुपारचं जेवण आटोपून योगीराज भावसार नुकते दुकानात येऊन टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस कन्नडात बोलत होता आणि त्याच्या बोलण्याला समुद्रकाठचा हेल होता.

"योगीराज टेलर्स का? जयनगर?"

"हो, बोला."

"तुमचे मालक आमच्या गावात सापडलेत. तब्येत ठीक आहे, काळजी नको. कुणीतरी या आणि घेऊन जा."

"कोण मालक?"

"योगीराज. दुकानाचे मालक."

"अहो, मालक मीच. योगीराज मीच."

पलीकडचा माणूस लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "सार, ते इथं माझ्यासमोर बसलेत. चहा पिताहेत."

योगीराजांनी फोन बंदच केला. हल्ली फसवाफसवीचे फोन काय कमी येतात? पण हात मात्र मशीनच्या चाकावर नुसताच राहिला. शिवण पुढं सरकेना.

योगीराजांचं घराणं पणजोबांच्या वेळी बेंगळूरुला आलं. घरात मराठी, पण तिच्यात 'स्वल्प' आणि 'सरी'सारखे कन्नड शब्द इतके मुरलेले की पुण्याहून आलेला एखादा पाहुणा हसायचा. जयनगरच्या बाजारामागं त्यांचं एका खणाचं दुकान होतं. काजं-बटणं सुशीलाबाई घरी बसून करायच्या. आता नवे शर्ट शिवून घेणारे फार थोडे. विकतच्या पँटा आखूड करणं, कंबर ढिली करणं, यावरच दिवस निघायचा. योगीराजांची एक खोड सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. ते माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत, खांद्यांकडे बघत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ओळखत नसत. तो माणूस पाठमोरा झाला की मग म्हणत, "अरे, हे तर आपले अमुक!"

पण गेल्या वर्षभरात आणखी काहीतरी सुरू झालं होतं. कात्री कुठं ठेवली ते आठवायचं नाही. एकदा ती देव्हाऱ्यात सापडली. एकदा बसमधून उतरल्यावर आपण कुठं निघालो होतो, हेच त्यांना उमगेना. ते तसेच थांब्यावर बसून राहिले, मग आपोआप आठवलं. सुशीलाबाईंना यातलं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. म्हणून 'तुमचे मालक आमच्या गावात सापडलेत' हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी त्याच माणसानं व्हिडिओ कॉल केला. त्याचं नाव शिवकुमार. होन्नावरच्या पलीकडे कोडीबैल नावाची मासेमारांची वस्ती, तिथं त्याचं चहाचं हॉटेल. तो म्हणाला, "सार, तुम्हीच बघा." पडद्यावर एक दाढी वाढलेला म्हातारा आला. मागं पालथ्या घातलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "मी योगीराज. जयनगर, बेंगळूरु."

सुशीलाबाई खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, हे काय?"

"मला काय विचारतेस? मी इथं आहे ना?"

"आहात की," सुशीलाबाई म्हणाल्या, पण हात नवऱ्याच्या दंडावर ठेवूनच. मग म्हणाल्या, "मराठी बोलतो बिचारा. तिकडे कोण समजून घेणार त्याला? जाऊन या तुम्ही."

योगीराज गेले. लांबचा प्रवास, घाट, मग रिक्षा. कोडीबैलला पोचले तेव्हा होड्या परत आल्या होत्या आणि बायका टोपल्या भरत होत्या. शिवकुमार वाट बघतच उभा होता. त्यानं जे सांगितलं त्यानं गोंधळ वाढलाच. म्हातारा एके दिवशी सकाळी वाळूवर बसलेला दिसला. कुणी म्हणे तो होडीतून उतरला, कुणी म्हणे लॉरीतून. एक म्हातारी छातीवर हात ठेवून सांगत होती की तो किनाऱ्यावरून दक्षिणेकडून चालत आला, तर तिचा मुलगा म्हणाला उत्तरेकडून. खिशात काही नाही. पोलिसांनी नोंद करून घेतली, पण योगीराज नावाचा कुणी हरवल्याची तक्रार कुठंच नव्हती. मग शिवकुमारनं फोनवर 'योगीराज, जयनगर' असं शोधलं आणि दुकान सापडलं.

"सगळं जुळलं की नाही सार? नाव, गाव, सगळं. तुम्हीच जुळत नाही," तो अगदी मनापासून म्हणाला.

म्हातारा जाळ्यांच्या शेडमध्ये बाकावर बसला होता. योगीराज त्याच्यासमोर बसले. सवयीनं आधी खांदे पाहिले. डावा जरा उतरता. ओळखीचे वाटले नाहीत. मग निश्चयानं तोंडाकडे पाहिलं. तेही ओळखीचं नव्हतं.

"नाव काय म्हणालात?"

"योगीराज."

"माझंही नाव योगीराज."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाही हो. योगीराज मी आहे. तुम्ही जरा आठवून बघा. घाई नाही."

क्षणभर, अगदी क्षणभर, योगीराजांनी खरंच आठवून पाहिलं.

"बरं, आडनाव काय तुमचं?"

हे म्हाताऱ्याला कुणी विचारलं नसावं. त्यानं शर्टाची वरची बटणं काढली, शर्ट डोक्यावरून उतरवला, कॉलरची आतली बाजू उजेडाकडे धरली आणि तिथं शिवलेली कापडी पट्टी बोट ठेवून वाचली. "योगीराज. जयनगर. बेंगळूरु." मग मान हलवून म्हणाला, "आडनाव दिलेलं नाही."

शिवकुमारनं कपाळावर हात मारला. योगीराज मात्र हसले नाहीत. त्यांनी तो शर्ट हातात घेतला. मोहरीच्या रंगाच्या चौकड्या. काम आपलंच, पट्टी आपलीच. स्वतःचं नाव विसरलेल्या माणसानं अंगावर जे लिहिलेलं सापडलं ते उचललं होतं. पण मग हा कोण? आणि आपण हा शर्ट कुणाला शिवला होता?

काही केल्या आठवेना.

त्यांनी म्हाताऱ्याचे आणि शर्टाचे फोटो काढले. शिवकुमार म्हणाला, "सापडेपर्यंत राहू दे इथंच. जाळी सोडवायला बसतो, हात चांगला आहे त्याचा." निघताना म्हातारा हात हलवून म्हणाला, "या परत. आणि आठवलं तर कळवा."

जयनगरला परतल्यावर योगीराजांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. आधी ते गुंडूरावांकडे गेले. हे रिटायर्ड हेडमास्तर, फार जुने गिऱ्हाईक. मोहरी रंग त्यांना आवडायचा, असं योगीराजांना पक्कं वाटत होतं. गुंडूरावांनी फोटो पाहिला आणि दुखावलेच.

"योगीराज, माझ्या पोटावर हा शर्ट बसेल असं वाटतं तुम्हाला? तुम्हीच माप घेता ना माझं?"

"तसं नव्हे, सार..."

"आणि हा रंग! मी जन्मात घातला नाही."

योगीराज खाली मान घालून बाहेर पडले. इतकं पक्कं वाटलेलं सपशेल चुकीचं निघालं, याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली. मग आणखी दोघांकडे गेले. एकानं तो शर्ट आपलाच असल्याचं सांगितलं, पण त्याचा कपाटात होता आणि निळा होता.

रात्रीच्या जेवणाला त्यांचा घास तोंडातच फिरू लागला तेव्हा सुशीलाबाईंनी ताट बाजूला सारलं. "कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"विसरणं. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? कात्री देव्हाऱ्यात तुमच्याआधी मलाच दिसली होती."

मग योगीराजांनी सगळं सांगून टाकलं. बसथांब्याचंही. तिथं वाळूवर बसलेला तो आपणच आहोत आणि इथला कुणी भलताच आहे, असं मध्येच वाटतं, हेही. सगळं ऐकून झाल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. आणि तो फोटो द्या इकडे. नुसती तोंडं बघत बसलात, मला शर्ट कुठं दाखवलात?"

फोटो जवळ नेऊन त्यांनी बटणांकडे पाहिलं. "हे कापड आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचं, सुधींद्रांचं. मुलाच्या मुंजीला भावाभावांनी एकाच ताग्यातून शर्ट शिवून घेतले होते. बटणं लाकडी हवीत म्हणून मला बाजार पालथा घालायला लावला होता त्यांनी. विसरेन कशी?"

सुधींद्र आता मुलाकडे व्हाइटफील्डला राहत होते. मेट्रोनं तिथवर जायचं, मग उंच इमारतींच्या जंगलात इमारत शोधायची, फाटकावर नाव सांगायचं. वॉचमननं नाव विचारलं तेव्हा योगीराज 'योगीराज' म्हणाले आणि उगीचच जरा चाचरले.

सुधींद्रांनी फोटोतल्या म्हाताऱ्याला ओळखलं नाही, शर्टाला ओळखलं. "इकडे येताना कपाट रिकामं केलं. सगळे कपडे जितेंद्रला दिले. आमच्या मुलाला ऑफिसला नेणारा कॅबवाला. खालीच असेल आता."

जितेंद्र गाडीत सीट मागं टाकून आडवा झाला होता. उत्तरेकडचा मुलगा, हिंदीच बोलायचा. त्यानं फोटो पाहिला आणि ताडकन उठून बसला. "अरे! ये तो अपने आप्पाजी हैं! कहाँ मिले, अंकल?"

शहराबाहेर होसकोट्याला आप्पाजींच्या चाळीत जितेंद्र भाड्यानं राहत होता. त्यानंच तो शर्ट म्हाताऱ्याला दिला होता, स्वतःच्या अंगाला ढगळ होता म्हणून. आप्पाजी निपाणीकडचे. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर राखणदारी करून निवृत्त झालेले. विसरायला लागले होते, पण घर सोडून कुठं गेले नव्हते. मग एके दिवशी गेलेच. बायको ठकुबाई शोधून शोधून थकल्या. तक्रार दिली, पण दिलेला फोटो मिशीवाला, जुना. त्यात ठकुबाईंनी निपाणी, संकेश्वर, सगळा तिकडचा मुलूख धुंडाळला, कारण माणूस जाणार तर आपल्या गावी जाणार. समुद्राकडे कोण बघणार? आणि कोडीबैलमध्ये सगळे शोधत होते योगीराजला.

जितेंद्रनं योगीराजांना तसंच गाडीतून होसकोट्याला नेलं आणि ठकुबाईंच्या हातात फोन दिला. त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "दाढी कुनी वाढू दिली ह्येंची?"

मग त्या रडल्या. योगीराज चपला घालून ओट्यावर जाऊन उभे राहिले.

योगीराज आणि ठकुबाई दोघं मिळून कोडीबैलला गेले. वाटेत ठकुबाई सारख्या एकच विचारत होत्या, "अण्णा, समुद्राकडं का गेलं असतील ओ? आमी कंदी समुद्र बगितलाच न्हाई. कुनी सोयरं न्हाई तिकडं."

शेडमध्ये आप्पाजी जाळ्याच्या गाठी सोडवत होते. ठकुबाई दारात थांबल्या. "अवो," त्यांनी हाक मारली. आप्पाजींनी वर पाहिलं नाही. "अवो, म्या आलोया." नाहीच. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाल्या, "आप्पाजी." तरीही नाही. मग मागून शिवकुमारनं नेहमीसारखं "योगीराज!" म्हटलं आणि आप्पाजींनी लगेच मान वर केली. योगीराजांचीही मान वळली.

ठकुबाईंचा चेहरा पडला. आप्पाजी मात्र त्यांच्याकडे बघून उठले, बाकावरची जागा हातानं झाडली. "बसा. कुठनं आला?"

"होसकोट्यासनं."

"लांबनं आला की. चहा घ्या."

चहा आला. ठकुबाईंनी तो घेतला. पिता पिता त्यांची नजर शर्टाकडे गेली. एक बटण चुकीच्या काजात अडकलं होतं. त्या पुढं सरकल्या, बटण सोडवलं, नीट लावलं, वरची दोन्हीही लावली. आप्पाजींनी हनुवटी वर करून त्यांना ते करू दिलं. परकी बाई असं करते याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. योगीराज बघत राहिले. ओळखलं का यानं? की नाही? दोन्ही वाटत होतं.

"योगीराज," ठकुबाई म्हणाल्या. "घरला चला."

"कुनाच्या?"

"तुमच्याच."

आप्पाजींनी शिवकुमारकडे पाहिलं, हातातलं जाळं खाली ठेवलं. "बरं," म्हणाले.

गाडीला अवकाश होता. तोवर ठकुबाईंनी समुद्र बघून घ्यावा असं शिवकुमारची बायको म्हणाली. त्या पाण्यापर्यंत गेल्या, लाट आली तशी लुगडं वर धरून मागं पळाल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. आप्पाजी काठावर त्यांच्या चपला हातात धरून उभे होते.

आप्पाजी होसकोट्याला आले. औषधं सुरू आहेत. कधी ते आप्पाजी म्हटल्यावर ओ देतात, कधी योगीराज म्हटल्यावर, कधी दोन्हीला नाही. ठकुबाईंना मात्र अजून पाहुणीसारखं अहोजाहोच करतात. चाळीतल्या पोरांनी दोन्ही नावं पाठ केली आहेत. ते कोडीबैलला कसे पोचले ते अजून कळलेलं नाही. जितेंद्रला वाटतं, वसाहतीतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या एखाद्या लॉरीत चढून बसले असतील. शिवकुमार अजूनही दक्षिण की उत्तर यावर वाद घालतो.

योगीराजांना डॉक्टरांनी तपासलं. 'आत्ताच काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या,' असं ते म्हणाले. तेव्हापासून सुशीलाबाई दुपारी दुकानातच येऊन काजं करतात. योगीराज मधूनमधून होसकोट्याला जातात, आप्पाजींच्या मापाचं काहीतरी शिवून नेतात. हे शर्ट खांद्याला बरोबर बसतात.

परवा ते गेले तेव्हा ठकुबाई अंगणात नवऱ्याची दाढी करत होत्या. समुद्राकडं कशाला गेला होता हो, असं त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

"कुठला समुद्र?" आप्पाजींनी विचारलं.

ठकुबाईंनी वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि सांगायला बसल्या. "लई मोठा हुता बगा. पलीकडचं काय दिसतच न्हवतं..."

आप्पाजी अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मग तू भ्यालीस काय गं?"

ठकुबाईंनी चटकन योगीराजांकडे पाहिलं. मग पुन्हा नवऱ्याकडे वळल्या.

"जरा," त्या म्हणाल्या, आणि पुढं सांगू लागल्या.