जुन्या बाटलीवर नवी तारीख

हौसा रोज सरळगावहून जीपने मुरबाडला यायची. तिथल्या सरबताच्या लहानशा कारखान्यात ती लेबलं चिकटवायची. मालक स्वस्तात मिळतील त्या बाटल्या घ्यायचा. काहींचं पोट सुटलेलं, काहींची मान तिरकी. सत्त्याण्णव साली त्याने लेबल लावायचं मशीन आणलं, पण पोटाच्या बाटलीवर मशीनचा कागद चुरगळायचा. म्हणून असल्या बाटल्या हौसाकडे. ती लेबलाच्या खालच्या कडेला कात्रीने दोन चिरा द्यायची, खळ पातळ लावायची आणि ओल्या फडक्याने मधून बाहेर दाबत न्यायची. कागद असा बसायचा की नख घालायला जागा नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात दुकानांतून परत आलेले खोके उघडले. सुपरवायझर वाल्मिक म्हणाला, "हौसाबाई, ही लेबलं भिजवून काढा, नवी लावा."

तिने बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरा गाळ होता आणि नव्या लेबलावर याच महिन्याची तारीख.

"हे मी नाय करणार."

"तुमचं काम चिकटवायचं. वाचायला कोणी सांगितलं?"

"चौथी शिकलेय मी. लगीनघरी पोरं पितात हे."

आवाज ऐकून मालक बाहेर आला. "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? ही निघाले." हौसाने खळीचे हात पुसले. शेजारच्या पाटावरची वत्सलाही उठली.

मालकाने मशीन चालवून पाहिलं. लेबलांना चुण्या पडल्या, कडा उचलल्या. दुकानदारांनी असला माल घेतला नाही. नव्या सरबताच्याही पोटाच्या बाटल्या तशाच पडून राहिल्या. नवव्या दिवशी वाल्मिक तिच्या दारात आला. "शेठ बोलावतात."

"ते खोके माझ्यासमोर मोरीत ओता, मग येते. वत्सलापण येईल."

वाल्मिक परत गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला आणि तिला सोबतच घेऊन गेला. हौसा मोरीपाशी उभी राहिली आणि वाल्मिक एकेक बाटली ओतत गेला. एका बाटलीचं बूच घट्ट होतं, ती वाल्मिकने बाजूला ठेवली.

"तीपण," हौसा म्हणाली.

त्यानंतर कारखाना बंद होईपर्यंत, पुरी सहा वर्षं, मालक तिच्याशी एक शब्द बोलला नाही. काही सांगायचं झालं तर वाल्मिककडून सांगायचा. हौसाचं त्यावाचून काही अडलं नाही.