या एकदा शिर्डीला

माझ्या तोंडाला झाकण नाही. हे आमच्या हिचं मत आहे, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते खोडून काढायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. रेल्वेत शेजारचा माणूस विचारतो, तुम्ही कुठले? नगर जिल्हा म्हणावं आणि खिडकीबाहेर बघावं, एवढं सोपं काम. पण मी छाती पुढे काढून "शिर्डी" म्हणतो. समोरचा लगेच हात जोडतो, काय भाग्यवान हो तुम्ही, म्हणतो. झालं. त्यानं हात जोडले की माझं डोकं कामातून गेलं. "या ना एकदा," मी म्हणतो, "घर आपलंच आहे."

आणि लोक येतात हो! बाकी गावांतली माणसं "या एकदा" म्हणतात तेव्हा ऐकणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. ती एक बोलायची रीत आहे. पण शिर्डीच्या माणसानं "या" म्हटलं की समोरचा तिकिटं काढतो. सोबत सासूबाई येतात, सासूबाईंची गुडघेदुखी येते, शेजारच्या काकू येतात कारण त्यांचाही नवस राहिलेला असतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं आमच्याकडे व्याही स्वतः घोड्यावर बसून येतात.

मंदिराच्या मागच्या अंगाला, दोन गल्ल्या सोडून माझं चष्म्याचं दुकान आहे. वर घर. एवढ्या भाविकांच्या गावात दुकान म्हणजे पाचही बोटं तुपात, असं लोकांना वाटतं. अहो, कसलं तूप! देवदर्शनाला आलेला माणूस चष्मा कशाला करेल? तो येतो तो रांगेत चेंगरलेला चष्मा हातात घेऊन. एक काडी निखळलेली, एक स्क्रू हरवलेला. मी स्क्रू बसवतो, काच पुसून देतो. तो खिशात हात घालतो आणि माझं तोंड परत उघडतं. "राहू द्या हो, बाबांच्या दारात काय घ्यायचं!" तो आशीर्वाद देऊन जातो, आणि मी संध्याकाळपर्यंत स्वतःवर चरफडत बसतो.

तसे या गावात राहण्याचे फायदे पुष्कळ आहेत, नाही म्हणणार नाही. कोणत्याही वेळी चहा मिळतो. इडली मिळते, तीही चांगली. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात जायला गाडी आहे, फक्त आम्हाला जायला सवड नाही. आमचा भाजीवाला तेलुगू असं बोलतो की आंध्रातल्या बायका त्याला भाऊ म्हणून गवारीचा भाव पाडून घेतात. फुलांचा वास तर गल्लीत कायमचा. तोट्यांचं म्हणाल, तर मी बॅग घेऊन बसमधून उतरलो की माझ्याच गावात मला चार जण घेरतात. रूम पाहिजे का, गरम पाणी आहे, मंदिर जवळ. मी म्हणतो, अरे बाबांनो, मी इथलाच. तर त्यातला एक हसून म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मग तो घरापर्यंत माझ्या मागं आला. खाली पाटीवर माझं नाव वाचलं तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

पाहुण्यांना मुक्कामाइतकीच ओळखीची हाव असते. "तुमची आत ओळख असेलच." आता खरं सांगायचं तर माझी आत कुणाशी ओळख नाही. बाहेरही फारशी नाही. पण "नाही" हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. "बघतो," असं मी गंभीरपणे म्हणतो, चपला घालतो, कोपऱ्यावर जाऊन चहा पितो आणि परत येऊन सांगतो, आज फारच गर्दी आहे, आपण रांगेतूनच जाऊ, त्यात खरं पुण्य. पाहुण्यांना ते पटतं. मला पुण्य आणि चहा दोन्ही मिळतात.

आणि हे सगळं निस्तरायचं कुणी? आमच्या हिनं. मी "या" म्हणणार, ही पोहे भिजवणार. पहाटेच्या आरतीला जाणाऱ्यांना चहा, आरतीहून येणाऱ्यांना पोहे, दुपारच्या गाडीला जाणाऱ्यांना चपात्यांचा डबा. ती माहेरी शेवगावला जाते तेव्हा तरी सुटावी ना? छे. येताना अर्धं माहेर तिच्यासोबत जीपमध्ये बसून दर्शनाला येतं. मंदिरातली आरती आमच्या ओट्यापाशी स्पष्ट ऐकू येते. आरती सुरू झाली की ही कणकेच्या हातानंच नमस्कार करते आणि पुढची चपाती लाटायला घेते. दर्शनाला ती शेवटची कधी गेली, हे तिलाही आठवत नव्हतं.

एकदा पुण्याहून मुलीचा फोन आला, की आई, तुझ्या वाढदिवसाला काय घेऊ? फोन स्पीकरवर होता. मी पेपर वाचत होतो. ही म्हणाली, "मला काही नको. मला एकदा कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून जायचंय. पानावर बसायचं, आणि कुणीतरी गरम गरम वाढायचं. बस."

मी पेपर खाली ठेवला. म्हटलं, एवढंच ना? महाबळेश्वरला चांगलं हॉटेल बघतो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर परत वर उचलला. हॉटेलात माणूस पाहुणा नसतो, गिऱ्हाईक असतो, ती म्हणाली. तिथे वाढणारा "अजून घ्या" म्हणतो ते बिलासाठी.

मग मी मनावर घेतलं. दोनदा बेत ठरला, दोनदा फसला. पहिल्यांदा बॅगा भरल्या आणि नागपूरचे पाहुणे उतरले, ज्यांना मी विदर्भाच्या गाडीत "या" म्हटलं होतं. दुसऱ्यांदा आम्ही कुलूप लावत होतो आणि जिन्यावरून आवाज आला, "बरं झालं बाई, घरी सापडलात!" हिनं कुलूप काढलं आणि गॅस पेटवला. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पाहुण्यांना वाटलं, आम्हाला बघून गहिवरली.

शेवटी मागच्या फेब्रुवारीत मला कोकण आठवलं. माझ्या आतेबहिणीच्या जावेचा भाऊ कोकणात, अगदी समुद्राकाठी राहतो. तो ऑफिसच्या मित्रांना घेऊन आमच्याकडे दोन दिवस राहून गेला होता. जाताना त्यानं माझा हात दाबला होता. या एकदा आमच्याकडे, समुद्र अंगणात आहे, घर आपलंच समजा. आता, आयुष्यभर हेच वाक्य फुकट वाटत आलेला माणूस मी. त्याची किंमत माझ्याइतकी कुणाला ठाऊक? पण मोहाला डोळे नसतात. मी फोन केला, येतोय म्हणून सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, रेंज गेली.

आम्ही पोचलो तेव्हा त्याची बायको दारात हसत उभी होती. मला ते हसू फार गोड वाटलं. ही मात्र उंबऱ्याबाहेरच थबकली. पुढे तिनं मला सांगितलं, ते हसू मी ओळखलं, आपल्याकडे बेल वाजली की मीपण हेच हसू चढवून दार उघडते.

मला कुठलं काय कळतंय! मी तर पाहुणा झालो होतो. बापरे, काय मजा असते हो पाहुणा होण्यात! मी आल्या आल्या गरम पाणी मागितलं. चहा थोडा फिका आहे म्हटलं. संध्याकाळी बोटीतून डॉल्फिन बघायला जायचं ठरलं, तर मी यजमानाला बाजूला घेऊन विचारलं, तुमची बोटवाल्यांत ओळख असेलच, जरा पुढची जागा? तो गंभीरपणे "बघतो" म्हणाला, चपला घालून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत येऊन म्हणाला, आज फारच गर्दी आहे. त्याच्या तोंडाला चहाचा वास येत होता.

रात्रीच्या जेवणाला त्या बाईंनी सुरमई तळली होती, आमटी केली होती, वर सोलकढी. मी पाटावर बसलो आणि जाहीर केलं, आज गुरुवार, आम्ही गुरुवारी मासे खात नाही. त्या बाईंचा झारा हवेत थांबला. मग त्या हसल्या, काही हरकत नाही म्हणाल्या आणि बटाटे चिरायला घेतले. माझ्या शेजारचा पाट रिकामा झाला. ही उठून आत गेली होती आणि त्यांच्याबरोबर बटाटे चिरत होती. मी दारातून खुणावलं, अगं, तू पाहुणी आहेस, बाहेर ये. तिनं विळी थांबवली नाही.

"तुमी बसा," ती म्हणाली. "तुमच्याइतकं पाहुनं व्हायला मला जमनार न्हाई."

ही रागावली की शेवगाव वर येतं. ते वर आलं, तसा मी परत पाटावर येऊन बसलो. बटाट्याची भाजी छान झाली होती, पण मी ती दुसऱ्यांदा मागितली नाही. एवढ्या लांब मी हिला कशाला आणलं होतं आणि काय करून बसलो होतो! हात दाखवून अवलक्षण. स्वतःच्या घरी यजमान होऊन हिला राबवलं, आता परक्या घरी पाहुणा होऊनही हिलाच उठवलं. मला माझीच खूप लाज वाटली.

त्या दोघी आत बोलत होत्या. यजमानीण सांगत होती, दारात समुद्र आहे, पण पाण्यात पाय बुडवून वर्षं झाली. लाटा ऐकू येतात त्या भांडी घासताना. ही म्हणाली, आमच्याकडे आरतीचं तसंच आहे. मग दोघी हसायला लागल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. बाहेर आम्ही दोघं नवरे ताटाकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही ओट्यापाशी नव्हती. यजमानीणही नव्हती. यजमान गोंधळून घरभर फिरत होता. ओट्यावर परात, डाळीचं पीठ, कांदे आणि भिजवायचे तांदूळ काढून ठेवले होते. अंगणातून हिचा आवाज आला, आम्ही समुद्रावर चाललोय, यायला दुपार होईल, आज तुम्ही दोघं रांधा. आम्ही कुंपणापाशी गेलो तेव्हा दोघी पार वाळूत पोचल्या होत्या. चपला हातात होत्या, पदर खोचलेले.

आता दोन कर्ते पुरुष आणि एक पिठलं. चष्म्याचे बारीक स्क्रू लावणारे हे माझे हात, त्यांना कांदा धरता येईना. यजमानानं पाणी आधी उकळायचं की पीठ आधी भाजायचं यावर माझ्याशी वाद घातला, आणि वाद चालू असताना फोडणी जळली. पिठल्यात गुठळ्या झाल्या. भात खाली लागला. आम्ही एकमेकांना धीर दिला. मी म्हणालो, कोकणात पिठलं असंच करत असतील. तो म्हणाला, शिर्डीत करत असतील.

त्या आल्या तेव्हा साड्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, केसांत वाळू. मी पाट मांडला. हिला म्हटलं, बस. ती बसली. मी तिच्या पानात भात वाढला, वर पिठलं घातलं, गुठळ्या चमच्यानं फोडल्या. वाफ तिच्या तोंडावर गेली. तिनं एक घास घेतला, मग दुसरा. मी भांडं हातात धरून तसाच उभा होतो. सासरी पहिल्यांदा वाढणाऱ्या नव्या सुनेसारखा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती माझ्याकडे वर बघून म्हणाली, "काखेत कळसा होता, अन् आपण गावाला वळसा घातला. हे शिर्डीतपण झालं असतं."

मग तिनं पान पुढे सरकवलं आणि म्हणाली, अजून वाढा.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बॅगा रिक्षात गेल्या. यजमान-यजमानीण दारात उभे. आणि माझं तोंड! त्याला अजूनही झाकण नाही. "या एकदा शिर्डीला," मी म्हणून गेलो, "घर आपलंच आहे." म्हटलं आणि जीभ चावली. भीत भीत हिच्याकडे बघितलं. तिनं यजमानिणीचा हात हातात घेतला.

"नक्की या," ती म्हणाली. "आता आमच्याकडे हे वाढतात."

ते दोघं आज येताहेत. सकाळपासून मी ओट्यापाशी आहे. कांदा चिरून झालाय, बोटही थोडं चिरून झालंय. पोहे किती वेळ भिजवायचे ते विचारायला हिला हाक मारली, दोनदा मारली. मग आठवलं, ती घरात नाही. ती दर्शनाला गेलीय.