आधी कोणता दात लागतो?

गोंदियाच्या स्टेशनजवळ, एका कापडदुकानाच्या माडीवर दातवाले डॉक्टर बसत. दात कोरायचं यंत्र ते पायाने चालवत आणि खड्डा भरून झाला की रोग्याला कसं वाटतंय हे मुळीच विचारत नसत. म्हणत, "आज विचारून उपयोग नाही. सुन्न जबड्याला काय कळतं? परवा या." खेड्यावरचा माणूस वैतागे. "दात भरला ना? मंग परत कायले येऊ?" त्यावर डॉक्टर शांतपणे म्हणत, "तू नाही आलास तर मी येईन."

आणि ते खरंच जात. सायकलला पिशवी अडकवून फुलचूरला, थेट दवनीवाड्यापर्यंत. शेतात बांधावर बसलेल्या माणसाला तोंड मिटायला लावत आणि विचारत, "सांग, आधी कोणता दात लागतो?" लोक हसत. पोरं तर त्यांना 'आधी कोणता' याच नावाने ओळखत. मला कधी हसू आलं नाही. ही सवय त्यांना कधी लागली, ते मला माहीत होतं.

माझी थोरली बहीण सरू दवनीवाड्याला दिली होती. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिची खालची डावी दाढ किडली होती. डॉक्टर तेव्हा गोंदियात नवे होते. बाबा आम्हा दोघींना बैलगाडीतून घेऊन गेले. डॉक्टरांनी दाढ कोरली, चांदी भरली, आणि विचारलं, "ठीक वाटतं?" सरूचा अर्धा चेहरा बधिर, त्यात परका माणूस. तिने पदर ओढून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भाताचा घास घेतला आणि तिने ताटावरून हात काढला. "दात मिटतच नाही, माय. थो एकच दात आधी लागते. मंग कानात सनक मारते."

आम्ही परत गेलो. तिने डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं, सळईने भरणावर टकटक केलं. भरण चकचकीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा अभिमान दिसत होता. "एकदम पक्कं आहे. नवीन आहे, आठ दिवसांत बसेल. सवय होते." सगळा वेळ त्यांनी तिचं तोंड उघडं ठेवूनच पाहिलं. मिटायला एकदाही सांगितलं नाही.

सवय झाली नाही. सासरी ती उजव्या बाजूने कशीबशी पेज गिळायची. गार पाणी लागलं की कळवळायची, कानशील धरून बसायची. सासू म्हणे, "एवढीशी दाढ, अन् केवढी सोंगं!" महिन्याभराने बाजारातल्या एका दात उपटणाऱ्याने ती दाढ ओढली. दाढ मोडली, मूळ आतच राहिलं. जबडा सुजला, सूज गळ्यात उतरली, ताप चढला. चौथ्या दिवशी आम्हाला निरोप आला तो ती गेल्याचाच.

तेरावं झाल्यावर बाबा गोंदियाला निघाले. मीही गेले. मला वाटलं होतं, बाबा माडीवर जाऊन आरडाओरडा करतील. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "डाक्टर, माही पोरगी गेली," म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत होती ती? नेमकं सांगा."

मी सांगितलं, "तो एकच दात आधी लागतो, म्हणत होती. तुम्हालाही म्हणाली होती."

ते रोग्याच्या खुर्चीवरच बसले. मग स्वतःशीच म्हणाले, "भरण उंच राहिलं होतं. जरा घासायचं होतं. दोन मिनिटांचं काम."

बाबा उठले आणि जिना उतरून गेले. नंतर कित्येक वर्षं आमच्या घरात त्या डॉक्टरांचं नाव निघालं नाही.

पुढे मी गोंदियाच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि माझीच दाढ दुखू लागली. गावात दुसरा दातांचा डॉक्टर नव्हता. मी जिना चढले तेव्हा त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणाले, "नागपूरला चांगले डॉक्टर आहेत, बाई. मी चिठ्ठी देतो." मी खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी दाढ भरली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला गेले. भरण केसभर उंच होतं, मला कळत होतं. तरी त्यांनी "आधी कोणता लागतो?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सगळे बरोबर लागतात."

त्यांनी निळ्या कार्बन कागदाची पट्टी माझ्या दातांमध्ये धरली. "कटकट वाजवा." त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला. पट्टी काढली आणि हातातला आरसा माझ्यासमोर धरला. चांदीवर एक गडद निळा ठिपका उमटला होता.

"खोटं कशाला बोललात?"

"तुम्ही बघता का, ते बघायचं होतं," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

त्यांनी बारीक दगडाने ठिपका घासला, पुन्हा पट्टी धरली, पुन्हा घासलं. सगळ्या दाढांवर सारखे फिकट ठिपके येईपर्यंत ते थांबले नाहीत. मग तोंड फिरवून किती तरी वेळ हात धूत राहिले. त्या दिवसापासून माझा राग संपला असं म्हणता येणार नाही. पण तो घेऊन त्या माडीवर जाता येत होतं. मी अधूनमधून जात राहिले. ते शाळेतल्या पोरींचे दात फुकट बघून देत. माझ्या घरची चौकशी मात्र कधी करत नसत.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ज्या दिवशी पट्टीचा ठिपका दिसला नाही, त्याच दिवशी त्यांनी यंत्र झाकून ठेवलं. आपल्या बहिणीकडे राहायला जाण्याआधी ते मला म्हणाले, "तुमच्या वडिलांना भेटायचं आहे. चालेल का, विचारा."

बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी घेऊन गेले. आमच्या गावी गाडी रस्त्यावर सोडून तळ्याच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, चालत यावं लागे. दोघं ओसरीवर बसले. डॉक्टर काहीतरी बोलायला गेले तेव्हा बाबा म्हणाले, "राहू द्या. जेवून घ्या." मी भात वाढला. दोघं शेजारी बसून खाली मान घालून जेवले.

निघताना मी पुढे झाले तशी बाबांनी मला मागे सारलं. पाळ अरुंद होती आणि डॉक्टरांना पाऊल कुठे पडतं ते दिसत नव्हतं. बाबांनी त्यांचा हात धरला आणि पार रस्त्यापर्यंत नेलं. गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

परत आल्यावर ते बराच वेळ अंगणात उभे होते. मग म्हणाले, "हात थंडगार होता वं पोरी, त्याचा."

सरूचं नाव त्या दिवशी दोघांपैकी कोणीच घेतलं नाही.